तुम्ही विचारलंत म्हणून: मी मुलाचं नाव-फोटो का मागत नाही?

एका संस्थेमार्फत मी दर वर्षी एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलते. शाळा सुरू व्हायच्या सुमारास कुणीतरी विचारतंच, एवढे पैसे भरतेस तर मूल कोणतं ते तरी बघ की, नाव नाही, फोटो नाही, पत्र नाही, मग पैसे जातात कुठे? मी "संस्थेवर विश्वास आहे" म्हणून विषय बदलते. ते अर्धंच खरं आहे. हिशोब मी दर वर्षी मागते, ऑडिट रिपोर्टसकट. मूल तेवढं मागत नाही.

आधी मागितलं होतं. एका मुलीचं शैक्षणिक पालकत्व सहा वर्षं माझ्याकडे होतं, दुसरीपासून सातवीपर्यंत. फी, वह्या, गणवेश, आणि वर्षातून दोन पत्रं. ती पत्रं मी आल्यागेल्याला काढून दाखवायचे. सातवीत पत्र आलंच नाही, विचारलं तर कळलं ती दोन महिने शाळेतच जात नाहीये. मी चिडले, खरंच चिडले, फोनवर संस्थेतल्या ताईंना म्हणाले, एवढं करून काय उपयोग झाला मग? त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी तिच्या दप्तरात सापडलेलं वहीचं एक पान पाठवलं. "मी गणितात नापास झाले. तुम्ही लिहिलं होतं चांगले मार्क पाडलेस तर पुढेही मदत करीन. मी आता" एवढंच. पुढे कोरं.

ते वाक्य माझंच होतं. प्रोत्साहन म्हणून लिहिलेलं, घरच्या मुलांना म्हणतो तसं. पण घरच्या मुलाला माहीत असतं की नापास झालं तरी कुणी शाळा बंद करणार नाही, तिला ते कुठून कळणार? मी लगेच लिहिलं की मार्कांचा काही संबंध नाही, ताई दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. ती परत आली नाही.

एका वाक्याने कुणी शाळा सोडतं का, असं म्हणाल. मीही कित्येक महिने स्वतःला हेच सांगत होते, घरी धाकटं भावंड होतं, आई कामावर जायची, कारणं होतीच. असतीलही. पण ते पान माझ्या नावाने लिहिलेलं होतं.

आणि एक मूल, एक पालक ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी 'प्लॅन' संस्था सुरू झाली ती याच कल्पनेवर. २०१३ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात अशी मदत मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली दिसली. त्यातल्याच दोन संशोधकांनी पुढे इंडोनेशियातल्या मुलांनी काढलेली चित्रं तपासली, तर मदत मिळणाऱ्या मुलांमध्ये आशा जास्त दिसली. हे वाचलं तेव्हा मला त्रासच झाला. म्हणजे कुणीतरी लांबून आपली चौकशी करतंय यानेही मूल उभं राहत असेल, आणि मी नेमकं तेच काढून घेऊन नुसती फी भरतेय. मग हे मी मुलासाठी करते की मला पुन्हा तसं पान बघायला लागू नये म्हणून?

यंदाचा फॉर्म टेबलावर आहे. "मुलाशी पत्रव्यवहार हवा का" या रकान्यात दर वर्षी मी लगेच "नाही" लिहिते. या वेळी अजून काहीच लिहिलेलं नाही.