स्टुडिओत पोर्ट्रेट काढायला जाण्याआधीचे आठ दिवस

मला फोटो तीन कामांसाठी हवा होता: महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचं विभागाचं पान, एका परिषदेची छापील पत्रिका आणि लिंक्डइन. तिन्हींची चौकट वेगळी. संकेतस्थळाला उभा फोटो लागतो. पत्रिकेत दोन इंच रुंदीची जागा होती. लिंक्डइनवर चौकोनी फोटो गोलात बसतो आणि चारही कोपरे कापले जातात. म्हणून तारीख ठरवताना छायाचित्रकाराला पहिली विनंती केली ती डोक्यावर आणि दोन्ही खांद्यांबाहेर मोकळी जागा ठेवण्याची. जास्तीची जागा नंतर कापता येते, मूळ फोटोतच नसेल तर जोडणं कठीण.

त्याच फोनवर आणखी काही गोष्टी विचारून घेतल्या. तासाभरात किती कपडे बदलता येतील (दोन, तिसऱ्या जोडीत वेळ फक्त बदलण्यातच जातो), पार्श्वभूमी कोणती, निवडलेले किती फोटो सुधारून मिळणार, कपडे बदलायला जागा आणि इस्त्री आहे का. हक्कांचंही बोलून घ्यावं. आपल्याकडच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कुणी सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो फोटो काढून घेणारा असतो, वेगळा करार झालेला नसेल तर. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. बुकिंगच्या अर्जातल्या बारीक अटींमध्येच बऱ्याचदा तो वेगळा करार असतो, तेव्हा सही करण्याआधी तो कागद पूर्ण वाचला.

आता कपडे. सगळ्यात जास्त वेळ मी इथे दिला, कारण सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात.

माझ्या मनात बारीक चौकड्यांची इरकल होती. ती बाद करावी लागली. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांची एक जाळी असते. कापडाची वीण किंवा बारीक रेघा त्या जाळीच्या मापाच्या जवळपास आल्या की दोन्ही एकमेकींवर चढतात आणि फोटोत पाण्यावरच्या तेलासारखे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. याला मॉइरे म्हणतात. बारीक रेघांचा शर्ट, हेरिंगबोन (माशाच्या काट्यांसारख्या तिरप्या) विणीचा कोट, बारीक बुट्ट्यांचा खण, सगळ्यांनाच हा धोका असतो. तो नंतर काढणं किचकट असतं, कारण पट्टे रंगातही उमटतात आणि उजेड-सावलीतही. घरी चाचणी करायची तर साडी दाराला टांगून दोन मीटरवरून फोनने फोटो काढावा आणि तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहावा. लहान करून पाहिला तर पडद्यामुळेही पट्टे दिसतात आणि चांगली साडी उगाच बाद होते. फोनचा सेन्सर वेगळा असल्यामुळे ही चाचणी फक्त अंदाज देते, पण संशयित कापड त्यात बहुतेक वेळा सापडतं.

शेवटी एकरंगी, गडद मोरपंखी हातमागाची सुती साडी ठरली, काठ दीड इंचाचा. रुंद जरीकाठ चेहऱ्याजवळ आला की डोळा आधी तिकडे जातो, शिवाय जरीची तार फ्लॅशमध्ये मधे मधे पांढरी चमकते. रंगाचं आणखी एक आहे. हनुवटीखालचं कापड चेहऱ्यावर आपला रंग फेकतं. झेंडूसारख्या पिवळ्या किंवा राणी रंगाच्या कापडाची छटा गळ्यावर आणि जबड्याच्या खालच्या बाजूला उतरते, पोपटी तर फारच वाईट. हाच उजेड उलटून येण्याचा गुण फिकट रंगात उपयोगी पडतो, गळ्याची सावली थोडी भरून निघते.

दुसऱ्या जोडीला नेव्ही ब्लेझर आणि आत मोतिया शर्ट. काळा ब्लेझर टाळला, कारण गडद पार्श्वभूमीवर काळे केस आणि काळे खांदे एकमेकांत मिसळतात आणि चेहरा एकटाच तरंगल्यासारखा दिसतो. पांढराशुभ्र शर्ट त्वचेपेक्षा कितीतरी जास्त उजेड परतवतो. शर्टातली वीण टिकवायची म्हणून उजेड कमी केला तर चेहरा काळवंडतो, चेहरा नीट घेतला तर शर्टाचा नुसता पांढरा डाग होतो. मोतिया रंगात ही ओढाताण कमी होते.

इस्त्रीवाल्याला सांगितलं, घडी घालू नका, हँगरवरच द्या. घडीची आडवी रेघ छातीच्या बरोबर मधोमध येते आणि बाजूने येणाऱ्या उजेडात ती डोळ्याला दिसते त्याहून ठळक उमटते. साडीला खळ अगदी हलकी दिली. कडक खळीची साडी खांद्यावर बसत नाही, पदर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि मान आखूड दिसते. पदराच्या निऱ्या चार बोटं रुंद घेतल्या. एक पिन खांद्याच्या थोडी मागे, आतल्या बाजूने. दुसरी ब्लाउजच्या गळ्याजवळ, काठ घसरू नये म्हणून. पिनेचं डोकं पुढून दिसत नाही ना, हे आरशात बघून कळत नाही. खांद्याच्या उंचीवर फोन धरून दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घ्यावा.

चेहऱ्याचं वेळापत्रक उलटं मोजत लावलं. केस कापायचे ते सात दिवस आधी, म्हणजे कडा थोड्या वाढून मऊ होतात. फेशियल करायचंच तर तेही आठवडाभर आधी. नंतर केलं तर पुरळ किंवा लाली बसायला दिवस पुरत नाहीत. थ्रेडिंग तीन दिवस आधी. नवीन क्रीम, नवीन साबण, नवीन केसांचा रंग या आठवड्यात काहीच नाही. दाढी ठेवणाऱ्यांनी गालावरची आणि गळ्यावरची रेघ आदल्या संध्याकाळी करावी. सकाळी घाईत केली तर वस्तऱ्याचे लाल ठिपके राहतात. गुळगुळीत दाढी करणाऱ्यांनी मात्र त्याच सकाळी, दीड-दोन तास आधी करावी. ओठांना साधं लिप बाम रोज रात्री, कारण ओठांची सोललेली साल मोठ्या फोटोत फार स्पष्ट दिसते आणि त्या दिवशी लावलेलं बाम ती लपवत नाही, उलट चमकवतं.

केसांना तेल शेवटचं तीन दिवस आधी, आदल्या दिवशी न्हाणं. अगदी ताजे धुतलेले केस उडतात, कपाळाभोवती बारीक बटांचं जाळं होतं आणि मागून उजेड असेल तर ती प्रत्येक बट पेटल्यासारखी दिसते.

चष्म्याला मी एक वेगळा दिवस दिला. माझ्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या. घरात येऊन त्या पूर्ण निवळायला बरीच मिनिटं लागतात आणि तोवर डोळ्यांखाली करडी सावली पडते. म्हणून जाताना तो चष्मा डब्यात बंद ठेवला आणि जुन्या साध्या काचांचा घालून गेले. काचेवरची चमक टाळायला छायाचित्रकार दिवा वर चढवतो. आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे चष्म्याच्या काड्या कानामागून अर्धा सेंटीमीटर वर उचलायच्या. काचा किंचित खाली कलतात आणि दिव्याचं प्रतिबिंब लेन्सकडे न येता खाली जातं. त्याहून जास्त उचलल्या तर चष्मा वाकडा दिसतो. जास्त मायनस नंबर असेल तर आणखी एक अडचण: चेहरा बाजूला वळवला की काचेच्या आतून दिसणारी गालाची कड आत सरकते आणि चेहऱ्याची रेघ तिथे तुटते. हे सुधारणं फार वेळखाऊ, तेव्हा चेहरा जवळजवळ समोर ठेवणं बरं. बिनचष्म्याचेही फोटो हवे असतील तर ते शेवटी ठेवावेत आणि आधी वीस मिनिटं चष्मा काढून ठेवावा. नाकपट्ट्यांचे खड्डे त्याशिवाय भरत नाहीत.

वेळ सकाळी अकराची घेतली. उठल्यावर पहिले दोन तास चेहरा आणि पापण्या जडावलेल्या असतात, म्हणून सहाला उठले. आदल्या रात्री लोणचं-पापड टाळले. पुण्यात दुचाकीवरून स्टुडिओत जाणाऱ्यांनी हेल्मेटचा विचार आधीच करावा. कपाळावरचा दाबाचा पट्टा उतरायला अर्धा तास जातो आणि चपटे झालेले केस कोरड्या कंगव्याने उठत नाहीत, मुळांशी पाणी लावून वाळवावे लागतात. मी रिक्षाने गेले. साडी नेसून न जाता हँगरवर कव्हर घालून नेली, कारण रिक्षात बसल्यावर पोटाशी आणि मांडीशी पडणाऱ्या चुण्या इस्त्रीशिवाय जात नाहीत.

पिशवीत होतं ते असं: आठ सेफ्टी पिना, चार कापडाचे चिमटे, सेलोटेपचं रीळ, तेल टिपणारे कागद, कंगवा, जुना स्वच्छ टूथब्रश, टिकल्यांचं पाकीट, मायक्रोफायबर रुमाल, पाणी आणि स्ट्रॉ. चिमटे ब्लेझरसाठी. पाठीकडून कापड गोळा करून चिमटे लावले की पुढून ब्लेझर अंगाबरोबर शिवल्यासारखा बसतो. सेलोटेप हाताला उलटा गुंडाळून खांद्यावरचे केस आणि धागे उचलायचे. टूथब्रशवर थोडा हेअरस्प्रे मारून भांगाजवळच्या बटा बसवायच्या. थेट डोक्यावर फवारला तर केसांचा पापुद्रा होतो.

मेकअप कमी केला, पण केला. फाउंडेशनची छटा हातावर न जुळवता जबड्यापासून गळ्यापर्यंत ओढून, खिडकीच्या उजेडात जुळवली. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची बारीक पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते आणि चेहरा राखाडी-पांढरा उमटतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने हे जास्त होतं, बाजूच्या सॉफ्टबॉक्सने (उजेड मऊ करणारं पांढरं कापड लावलेला पेटीसारखा दिवा) कमी, पण त्या सकाळी ते टाळणंच सोपं. अंगवळणी पडलेली टाल्कम पावडर गळ्याला लावू नये. गळ्याच्या वळ्यांमध्ये तिच्या पांढऱ्या रेघा बसतात आणि त्या लक्षात येतात फोटो मोठा केल्यावर. कपाळ चमकायला लागलं की आधी कागदाने तेल टिपायचं, मग गरज पडली तरच पावडर. तेलावर पावडर चढवत गेलं की थर फाटतो. टिकली खड्याची नको, मखमली हवी, तीन-चार मिलीमीटरची. ती दोन मिलीमीटर जरी बाजूला गेली तरी सगळा चेहरा कललेला वाटतो, म्हणून नाकाच्या शेंड्यावरून सरळ वर बोट नेऊन जागा धरली. मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या झाल्या नाहीत ना, हे दर थोड्या वेळाने बघायचं काम सोबत आलेल्या बहिणीला दिलं. छायाचित्रकाराचं लक्ष उजेडावर आणि डोळ्यांवर असतं, तेव्हा अशा बारीक गोष्टींसाठी दुसरं माणूस असावंच.

स्टुडिओत ८५ मिलीमीटरची लेन्स होती आणि कॅमेरा साधारण दीड-दोन मीटरवर. फोनच्या सेल्फीत नाक मोठं दिसतं ते हाताएवढ्या कमी अंतरामुळे. अंतर वाढलं की नाक आणि कान यांचं प्रमाण खरं दिसू लागतं. अंग एका बाजूला थोडं वळवून चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी वर उचलायची नाही. कासव मान काढतं तशी कपाळासकट पुढे आणि मग किंचित खाली. आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण समोरून जबड्याची रेघ स्वच्छ दिसते. जीभ टाळूला लावली की हनुवटीखालचा भाग वर ओढला जातो. डोळे मिटण्याची सवय असेल तर मिटून ठेवायचे, तीनच्या मोजणीला उघडायचे आणि त्याच वेळी श्वास सोडायचा. श्वास रोखलेला असला की खांदे वर चढतात, ओठ आवळतात.

पहिल्या दहा-पंधरा फोटोंकडून काही अपेक्षा ठेवू नये. ते उजेड जुळवण्यात जातात आणि चेहराही तेवढ्यात सैलावतो. पहिले पाच फोटो मात्र संगणकाच्या पडद्यावर दाखवा असा आग्रह धरावा. मला त्यातच ब्लेझरची कॉलर डाव्या बाजूने मानेवर चढलेली दिसली. बसल्यावर ब्लेझर मागून वर सरकतो. त्याची मागची कड खाली ओढून तिच्यावर बसलं की खांदे सपाट राहतात.

निवड त्याच दिवशी केली नाही. एक दिवस जाऊ दिला, मग आधी फक्त डोळे बघून चाळणी लावली: फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर आहे का, दोन्ही डोळ्यांत दिव्याचा पांढरा ठिपका आहे का. आपला चेहरा आपण आरशात उलटा बघत आलेलो असतो, त्यामुळे फोटोतला भांग आणि हसू अनोळखी वाटतं. अंतिम तीन फोटो बहिणीला आणि विभागातल्या एका सहकारी मॅडमना दाखवले, कारण त्या मला रोज समोरून बघतात. सुधारणेसाठी लिहून दिलं ते एवढंच: त्या आठवड्यातला पुरळाचा डाग काढा, उडालेल्या बटा काढा, डोळ्यांखालची सावली अर्धी करा. तीळ, सुरकुत्या, कपाळावरचा लहानपणीचा व्रण तसाच ठेवा.

फाइली दोन मापांत घेतल्या. छपाईसाठी पूर्ण आकाराची: ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) दोन इंचांना ६०० पिक्सेल पुरतात, पण उद्या कुणी फलक करायला मागितला तर मोठीच लागेल. संकेतस्थळासाठी लहान, एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत, कारण दुसऱ्या रंगव्यवस्थेतली फाइल काही ठिकाणी फिकट, आजारी दिसते. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवायला नको म्हटलं, त्यात तो दाबला जातो, लिंक घेतली. व्हिसाला हा फोटो चालत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी ५१ मिलीमीटरचा चौकोन, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही आणि काहीही सुधारणा नाही असे नियम आहेत, शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) ३५ बाय ४५ मिलीमीटर. तो त्याच बैठकीत शेवटच्या दहा मिनिटांत, बिनचष्म्याच्या फोटोंबरोबर काढून घेतला. प्रत्येक फाइलच्या नावात महिना आणि वर्ष टाकून ठेवलं आहे.