सत्तरीनंतरचा वाहनपरवाना

वाहनपरवान्याच्या नूतनीकरणाची चर्चा आपल्याकडे सहसा ‘पैसे किती लागतात’ आणि ‘एजंट गाठावा लागतो का’ या दोन प्रश्नांपलीकडे जात नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, साताऱ्यात राहतात आणि अजूनही स्वतःची गाडी स्वतःच चालवतात. त्यांच्या परवान्याची मुदत यंदा संपत आल्यामुळे ही सगळी प्रक्रिया मी त्यांच्या शेजारी बसून बारकाईने पाहिली. वयस्कर माणसाने गाडी चालवावी की नाही, हे आपल्या व्यवस्थेत नेमके कोण ठरवते, हा तिसराच प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेली दुरुस्ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली आणि तिने खासगी वाहनांच्या परवान्याच्या मुदतीचे गणितच बदलले. पूर्वी २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत परवाना चालत असे आणि पन्नाशीनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. आता तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत चालतो, ३० ते ५० या वयात काढला किंवा नूतनीकृत केला तर १० वर्षे चालतो, ५० ते ५५ या टप्प्यात केला तर साठीपर्यंत आणि पंचावन्न उलटल्यावर प्रत्येक वेळी ५ वर्षे. एकोणपन्नासाव्या वर्षी नूतनीकरण करणाऱ्याला पूर्ण १० वर्षे मिळतात, तर चौपन्नाव्या वर्षी करणाऱ्याला जेमतेम सहा, ही त्यातली गंमत. जुन्या नियमाने मिळालेल्या परवान्यावर जी तारीख छापलेली आहे ती तशीच ग्राह्य धरली जाते, त्यामुळे कोणी ‘आता नियम बदलले, लगेच नवे कार्ड काढा’ असे सांगू लागला तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

या तक्त्यात मला खटकते ती शेवटची पायरी. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ५ वर्षे आणि पंच्याऐंशी वर्षांच्या माणसालाही ५ वर्षेच. कमाल वयाची मर्यादा नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे, कारण वय आणि क्षमता यांची सांगड प्रत्येकात वेगळी असते. पण सत्तरीनंतर ५ वर्षांत माणसाच्या दृष्टीत, श्रवणात आणि सांध्यांत जो फरक पडतो तो पंचावन्न ते साठमधल्या फरकासारखा नसतो, हे घरात वृद्ध माणूस असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणापूर्वी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे तसे काही नाही. वयाच्या चाळिशीनंतर जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तेच शेवटपर्यंत लागत राहते.

मुदतीबाबत एक गैरसमज मात्र इतका पक्का आहे की तो इथे खोडून काढतेच. मुदत संपल्यावर ३० दिवस परवाना चालतो, असे अण्णांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी जवळजवळ सगळेच छातीठोकपणे सांगतात. पूर्वी ते खरे होते. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत वगळली गेली, त्यामुळे कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून परवाना अवैध. अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत वाहनचाचणीशिवाय नूतनीकरण होऊ शकते. त्याहून उशीर झाला तर पुन्हा वाहन चालवून दाखवावे लागते. पूर्वी ही मर्यादा ५ वर्षांची होती. उशिरा अर्ज करणाऱ्याचे नूतनीकरण ज्या दिवशी होते त्या दिवसापासून धरले जाते, म्हणजे विलंबशुल्क भरले तरी मधला काळ उघडाच राहतो. त्या काळात पोलिसांनी अडवले तर होणारा दंड एक वेळ परवडेल, पण अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि समोरच्याला द्यायच्या भरपाईची रक्कम न्यायालयाच्या आदेशाने कंपनीने आधी भरली तरी नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने हा धोका का पत्करावा?

प्रत्यक्ष अर्ज ‘सारथी’ या संकेतस्थळावर करायचा असतो आणि तो फारसा अवघड नाही. परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की जुनी माहिती समोर येते, सेवांच्या यादीतून नूतनीकरण निवडायचे, नमुना १ हे स्वयंघोषणापत्र भरायचे आणि शुल्क भरायचे. नूतनीकरणाचे २०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि वर टपालखर्च, एवढाच सरकारी हिशेब आहे. आरटीओच्या फाटकासमोर टेबल मांडून बसलेली मंडळी याच्या कित्येक पट रक्कम सांगतात. आधारद्वारे ओळख पटवली तर कार्यालयात जावेही लागत नाही. अडचण एवढीच की ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तो क्रमांक बहुधा कधीच बंद पडलेला असतो. अण्णांचा आधार त्यांच्या दोन फोनांपूर्वीच्या क्रमांकाला जोडलेला होता, म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घेतला. ज्यांच्याकडे अजून हाताने लिहिलेली जुनी पुस्तिका आहे त्यांना याच्याही आधी आरटीओत जाऊन तिची संगणकात नोंद करून घ्यावी लागते, ज्याला तिथे ‘बॅकलॉग’ म्हणतात. अण्णांनी मागेच कार्ड करून घेतल्यामुळे ते टळले.

आता मूळ मुद्दा, म्हणजे तो स्वयंघोषणेचा नमुना १ आणि डॉक्टरांचा नमुना १-अ. हे दोन्ही कागद लोक न वाचताच पुढे सरकवतात, पण ते शांतपणे वाचण्यासारखे आहेत. नमुना १ मध्ये अर्जदाराला विचारलेले असते की तुम्हाला अपस्माराचा किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा अथवा चक्कर येण्याचा त्रास आहे का. २५ मीटर अंतरावरून, चांगल्या उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का. लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखू येतात का. रातांधळेपणा आहे का. नेहमीचा हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते आणि अण्णा पुढचा प्रश्न येण्याआधीच उत्तर देत होते. चक्करच्या प्रश्नावर मी थांबले. रक्तदाबाची गोळी बदलल्यावर सुरुवातीला काही दिवस सकाळी उठताना त्यांना गरगरत असे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ‘ते बसल्यावर नाही, उठल्यावर होतं, आणि गाडी काय मी उभ्याने चालवतो?’ हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच चुकीचा नव्हता, पण ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द तिथे स्पष्ट होते. डॉक्टरांना विचारूनच ते उत्तर लिहायचे, यावर आमची तडजोड झाली.

चाळिशीनंतर नमुना १-अ लागतो आणि आता महाराष्ट्रात तो नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून थेट संगणकावर चढवतात. पूर्वी सही-शिक्क्याचे कोरे प्रमाणपत्र झेरॉक्सच्या दुकानात मिळण्याची जी सोय होती, तिला त्यामुळे आळा बसला, हे चांगलेच झाले. तरीही डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता प्रमाणपत्र द्यायचे ठरवले तर त्यांना अडवणारे कोणी नाही. आमच्या ओळखीचे डॉक्टर मात्र उठले. त्यांनी आधी रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचून घेतले, रक्तदाब पाहिला, गोळी बदलल्याची हकीकत ऐकून ‘आता त्रास नाही ना, मग हरकत नाही’ असे सांगितले आणि मग अण्णांना घेऊन दवाखान्याबाहेर रस्त्यावर आले. औषधाच्या दुकानापुढे एक पांढरी गाडी उभी होती. डॉक्टर तिच्यापासून पावले मोजत मागे आले, अण्णांना तिथे उभे केले आणि नंबर वाचायला सांगितला. अण्णांनी तो एका दमात वाचला. मग डॉक्टरांनी त्यांना एकेक डोळा तळहाताने झाकायला लावला. उजव्या डोळ्याने ठीक गेले. डाव्या डोळ्याने वाचताना शेवटचा आकडा तीन की आठ यावर अण्णा अडले आणि मान जराशी तिरकी करून पाहू लागले. ‘काका, मान सरळ,’ डॉक्टर म्हणाले. सरळ मानेने त्यांनी तीन सांगितला. तो आठ होता.

नमुन्याच्या भाषेत अण्णा उत्तीर्ण झाले, कारण दोन्ही उघड्या डोळ्यांनी त्यांना पाटी नीट वाचता येत होती आणि १-अ मध्ये तेवढेच विचारलेले आहे. डॉक्टरांनी तसे प्रमाणपत्र दिलेही. त्याच वेळी त्यांनी नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठीही लिहून दिली. तपासणीत डाव्या डोळ्यात वाढलेला आणि उजव्यात सुरू झालेला मोतीबिंदू निघाला. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरून दिसतात का, असे नेत्रतज्ज्ञांनी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, ‘हल्ली सगळेच अप्पर मारत येतात.’ रात्री गाडी चालवताना त्रास होतो अशी त्यांची तक्रार गेली दोन वर्षे आम्ही ऐकत होतो आणि दोष सगळा समोरच्यांच्या दिव्यांना देत होतो.

इथे या नमुन्याची मर्यादा उघडी पडते. पाटी वाचायची ती भर उजेडात, उभ्या माणसाने, उभ्या गाडीची. मोतीबिंदूचा पहिला उपद्रव बहुतेकदा रात्री, समोरच्या झगमगाटात जाणवतो. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते आणि समोरचे बराच काळ स्वच्छ दिसत राहते, त्यामुळे असा माणूस पाटी सहज वाचेल आणि डावीकडून रस्त्यात आलेली सायकल मात्र त्याला दिसणार नाही. मानेचे मणके आखडलेल्या माणसाला मागे वळून पाहता येते का, ब्रेकवर पाय वेळेवर जातो का, साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी रस्त्यांत, शिरताना कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे हे ऐन वेळी सुचते का, यातले काहीच त्या कागदावर नाही. रातांधळेपणाचा प्रश्न दोन्ही नमुन्यांत आहे, पण डॉक्टरांचे उत्तरही बहुधा अर्जदाराच्याच सांगण्यावर अवलंबून राहते, आणि रात्री कमी दिसते हे मान्य करणारा गाडीवान माझ्या तरी पाहण्यात नाही. सरकारने साठीनंतर नेत्रतज्ज्ञांची तपासणी सक्तीची करावी, असे म्हणायचा मोह होतो. पण तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ गाठायला किती दिवस मोडतात आणि सक्तीच्या प्रत्येक कागदाभोवती किती लवकर बाजार उभा राहतो, हे पाहता मी ते ठामपणे म्हणणार नाही. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी घरच्यांनी आपणहून ही तपासणी करून घेणे एवढे मात्र आजही आपल्या हातात आहे, आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येत असल्यामुळे त्यासाठी सवडही मिळते.

आमच्या नातेवाइकांपैकी काहींनी ‘आता किल्ली काढून घ्या’ असा सल्ला दिला. तो मला पटला नाही. साताऱ्यात गाडी म्हणजे अण्णांचे बँकेत जाणे, आईला फिजिओथेरपीला नेणे आणि गुरुवारी मित्रांना घेऊन सज्जनगडावर जाणे. रिक्षावर विसंबून यातले निम्मेही होणार नाही. शिवाय परवाना जवळ असणे आणि गाडी वाटेल तेव्हा, वाटेल तिथे चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा फक्त पहिलीबद्दल बोलतो. दुसरी घरात बसून ठरवावी लागते, आणि ती ठरवताना आवाज चढतातच. दुचाकीचा वर्ग परवान्यातून काढून टाकण्याची सोय सारथीवर आहे, तीही मी त्यांना दाखवली. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो विषय पुन्हा काढलेला नाही, जरी स्कूटरला हात लावून त्यांना कितीतरी वर्षे झाली आहेत.

अर्ज मंजूर झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टाने आले. ते येईपर्यंत डिजिलॉकरमधला परवाना दाखवता येतो आणि तो कायद्याने ग्राह्य आहे, हे ठाऊक असल्याने त्या काळात गाडी दारात उभी ठेवावी लागली नाही. कार्डावर आता पुढच्या ५ वर्षांची तारीख आहे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, उजव्याची पावसाळ्यानंतर करायची आहे, आणि तोपर्यंत अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढायची नाही व पुण्याला यायचे झाल्यास एसटीने यायचे, हे अण्णांनी नेत्रतज्ज्ञांसमोर कबूल केले आहे. आईच्या मते ते तिच्यासमोर कबूल करायला हवे होते, कारण मोडले तर तिलाच कळणार आहे.