एफ्राइम आमू: आधी चाल, मग कापड

घानाचं गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, म्हटलं की आज यूट्यूबवर जो मेटल आणि सनी बाडू समोर येतात. बाडू तर गायकही आणि पाळकही. अमेरिकेत अटलांटाला त्यांचं स्वतःचं चर्च आहे. जो मेटल यांना २०१७ साली घानाच्या संगीत पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा मान मिळाला, तोही गॉस्पेल गाणाऱ्याला पहिल्यांदाच. मला दोघंही आवडतात. पण मी रविवारी उपासनेला पेटीवर बसणारा माणूस, त्यामुळे माझा जीव जडला तो त्यांच्या कितीतरी आधीच्या एका माणसावर, ज्यानं पेटी डोक्यावर घेतली होती. शब्दशः.

तो माणूस म्हणजे घानाचे संगीतकार एफ्राइम आमू. तेव्हा ते तरुण शिक्षक होते. घडीची, पाच सप्तकांची पायपेटी त्यांनी विकत घेतली, पण कोफोरिदुआहून पेकीला ती न्यायला वाहन मिळेना. मग घेतली डोक्यावर आणि रात्रभर चालत फ्रँकादुआ गाठलं. तिथून पुढे मोटार मिळाली. आमच्या मंडळीत पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायची तर चार जणांना एकाएकी कंबरदुखी सुरू होते, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सगळ्यांना सांगत असतो.

पेकी हे व्होल्टा नदीच्या पूर्वेकडचं एवे भाषिकांचं गाव. ब्रेमेनचे जर्मन मिशनरी तिथे १८४७ मध्येच पोहोचले होते. आमूंचा जन्म १३ सप्टेंबर १८९९चा. वडील लाकडावर कोरीव काम करायचे आणि ढोल वाजवायचे. ख्रिस्ती झाल्यावर ढोल सुटला. त्या काळी हे ओघानंच यायचं. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, मिशनऱ्यांनी धर्मांतरितांसाठी गावाबाहेर वेगळी वस्ती वसवलेली असे. तिला ‘सालेम’ म्हणत. गावातला ढोल, नाच, सण हे सगळं अलीकडे आणि सालेम पलीकडे. ढोलाच्या घरात जन्मलेला मुलगा अशा हवेत बाख या जर्मन संगीतकाराचे कोराल, म्हणजे चर्चमधली चार आवाजांची स्तोत्रं, शिकत मोठा झाला. त्यालाही ते मनापासून आवडायचे, हे विसरून चालणार नाही. आमूंना पाश्चात्त्य संगीताचा राग नव्हता.

१९२६ मध्ये ते अक्रोपाँगच्या अध्यापक विद्यालयात संगीत शिकवायला गेले. ही बासेल मिशनची जुनी संस्था. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनऱ्यांना हाकललं गेलं आणि कारभार स्कॉटिश मिशनकडे आला. इथली भाषा ट्वी. आमू एवे असूनही त्यांची बरीचशी गाणी ट्वीत आहेत.

आणि इथेच खरी गंमत सुरू होते. ट्वीमध्ये अक्षर उंच स्वरात म्हटलं की खालच्या, यावर अर्थ बदलतो. आता जर्मन स्तोत्राची चाल घ्या आणि तिच्यात भाषांतरित ट्वी शब्द कोंबा. बोलताना आवाज जिथे खाली येतो तिथे चाल वर चढते. मंडळी गातात, पण कानाला शब्द लागत नाही. हातात पुस्तक असेल तर अर्थ कळतो. इंग्रजी चालीवरची मराठी गीतं वाजवताना ऱ्हस्व अक्षरावर लांबलचक सूर आला की मला कसंसंच होतं, पण आपल्याकडे तेवढ्यानं अर्थ पालटत नाही. त्यांच्याकडे पालटतो.

आमूंनी उलट केलं. आधी ओळ बोलून पाहायची, ती जशी चढते-उतरते तशीच चाल बांधायची. मग पुढची अडचण: चार आवाजांचं गायन. पाश्चात्त्य नियमानं सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत उंच आवाज, वर जाताना बास, म्हणजे सगळ्यांत खालचा, खाली गेला तर छान. पण मग बासवाले भलतंच काहीतरी म्हणत राहणार! म्हणून आमूंच्या सुरुवातीच्या रचनांत आवाज बरेचदा तिसऱ्या सुराचं अंतर राखून एकाच दिशेनं सरकतात. ट्वी बोलणाऱ्या अकान लोकांच्या परंपरागत गाण्यातही हे असतंच. लयही त्यांनी तिथलीच घेतली, दोन आणि तीनच्या मात्रा एकमेकींत अडकलेली. मी पेटीवर बसवायचा प्रयत्न करतो तेव्हा डावा हात हमखास उजव्याच्या मागे पळतो. अशा पंचवीस ट्वी गाण्यांचं त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये लंडनहून निघालं.

आमूंची जी गोष्ट सगळे सांगतात ती कापडाची. सूट-टाय सोडून ते देशी कापड अंगावर घ्यायला लागले, आणि १९३१ मध्ये तशाच वेशात चर्चमध्ये उपदेशाला उभे राहिले. दीक्षित पाळक ते नव्हते. शिक्षक-उपदेशक म्हणून तयार झाले होते. चर्चच्या वडीलधाऱ्यांना हे रुचलं नाही, आणि ते वडीलधारे बहुतेक आफ्रिकीच होते. १९३३ मध्ये त्यांना अक्रोपाँग सोडावं लागलं. ही गोष्ट नाट्यमय आहे, म्हणून टिकली. पण माझ्या मते कापड हा नंतरचा भाग. गाण्याची चाल आपल्या तोंडच्या भाषेतून येऊ शकते हे एकदा पटलं की मग उपदेश करायला लोकरी कोट कशाला, हा प्रश्न आपोआप येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं, त्यामागेही हीच ओढ होती. आपल्याकडे त्यांची गीतं अजून गातात, आणि त्यांच्या पोशाखाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला तो क्रम बरोबर वाटतो.

पुढे अचिमोटा कॉलेजनं आमूंना घेतलं. या कॉलेजच्या बोधचिन्हात पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत. संस्थापकांपैकी अ‍ॅग्री म्हणायचे की खरा मेळ हवा तर दोन्ही वाजवाव्या लागतात. १९३७ मध्ये आमू लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि तिथे जुनं युरोपीय काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र चाली गुंफायचं तंत्र, नीट शिकले. परतल्यावरच्या रचनांत आवाज आधीपेक्षा मोकळेपणानं वेगवेगळे चालतात, पण बोलीचे चढउतार सहसा मोडत नाहीत. हे किती अवघड आहे ते रचना करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बांबूच्या आटेंटेबेन या बासरीला त्यांनी शाळेच्या वर्गात आणि वाद्यवृंदात जागा मिळवून दिली. १९६२ पासून ते लेगोनच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास संस्थेत होते, आणि १९६५ मध्ये त्याच विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

२ जानेवारी १९९५ रोजी ते गेले. नंतर वीस हजार सेडीच्या (सेडी हे घानाचं चलन) नोटेवर त्यांचं चित्र आलं. २००७ मध्ये घानानं चलनातली चार शून्यं उडवली तेव्हा त्या नोटेचे झाले दोन सेडी, आणि नव्या नोटांवर राजकारणातली माणसं बसली. असो.

१९२९ मध्ये केलेलं त्यांचं ‘येन आरा असासे नी’ (ही आपलीच भूमी) हे गाणं मात्र कुठे गेलं नाही. राष्ट्रगीत वेगळं आहे, त्याची चाल फिलिप ग्बेहो यांची. तरी देशाच्या समारंभांत लोक उभं राहून आमूंचं गाणं म्हणतात, आणि आता ट्वीखेरीज देशातल्या इतर भाषांतही. मातृभूमी, पूर्वजांचं रक्त हे त्यात आहेच. पण पुढे त्यात शिकलेल्यांचा तोरा आणि आपमतलबीपणा यांवरही कोरडे ओढलेत. शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात नोकरी करताना हे लिहिलंय! ऐकायचं असेल तर मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण टाळा आणि शाळेच्या किंवा चर्चच्या गायकवृंदाचं, वाद्यांशिवायचं शोधा. ब्रासबँड लागला की सगळं संचलनासारखं ठोकळेबाज होतं, आणि ज्या चढउतारांसाठी या माणसानं एवढा खटाटोप केला ते ऐकूच येत नाहीत.