दादाचा अर्ज आणि काकीचं दार

'सन्नडते' हा कन्नड शब्द मी पहिल्यांदा दादाच्या कागदावर वाचला. सन्नडते म्हणजे चांगली वागणूक. जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतीआधी सोडतात ते या शब्दावर. दर वर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की आमच्या घरात हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जातो. वहिनीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. बाबांची मराठी चौथी झालेली. मी अंगणवाडीत कामाला, रजिस्टरं सगळी कन्नडमध्ये भरायची, त्यामुळं दादाचे कागद पहिल्यापासून माझ्याच पिशवीत.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. जून २००८. धूळवाफ पेरणी नुकती उरकली होती. बांधावरच्या आंब्याखाली दादा आणि आमचे चुलत काका यांची जुंपली. विषय जुनाच, बांध कोण कोरतंय. कुंपणाच्या काट्या तोडायला आणलेला कोयता दादाच्या हातात होता. एकच घाव. काका दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. दादा आंब्याच्या बुंध्याशी बसून राहिला, पोलीस येईपर्यंत उठला नाही. तो पस्तीस वर्षांचा होता, त्याचा मुलगा तीनचा. काकांचा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. ही वयं मी मुद्दाम लिहिते. पुढं जे लिहिणार आहे ते दादाच्या बाजूचं आहे, ते वाचताना काकांची पोरं नजरेआड होऊ नयेत.

२०१० मध्ये बेळगावच्या सेशन्स कोर्टात जन्मठेप झाली. अपील धारवाडला गेलं आणि २०१३ मध्ये फेटाळलं. धारवाडला हायकोर्टाचं बेंच २००८ मध्येच सुरू झालं होतं, नाहीतर वकिलाला भेटायलासुद्धा बेंगळूर गाठावं लागलं असतं.

गावात सगळे म्हणायचे, चौदा वर्षं काढली की सुटतो. आईला तर कुणीतरी सांगितलं होतं, जेलात दिवस एक आणि रात्र एक असे दोन दिवस धरतात, सात वर्षांत येईल तुझा मुलगा. आई सात वर्षं त्यावर जगली. सातव्या वर्षी तो आला नाही तेव्हा मी पहिल्यांदा वकिलाला नीट खोदून विचारलं. मग कळलं की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्येच, गोपाळ गोडसेच्या अर्जावर, हे सांगून ठेवलंय. चौदा वर्षांची गोष्ट वेगळी आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात किमान चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला या कायद्याखाली सोडता येत नाही. ही अट १९७८ मध्ये आली, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७५. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी आत काढलेले दिवस या चौदात धरतात. चांगल्या कामाबद्दल जेलमध्ये शिक्षेतल्या दिवसांची जी माफी जमा होते, ती धरत नाहीत. म्हणजे चौदा वर्षांनी दार उघडत नाही, फक्त दार वाजवायची परवानगी मिळते. हे आईला सांगायचं धाडस मला झालं नाही.

हिंडलग्याचं जेल बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला. पहाटे गावातून वडाप, खानापूरहून बस, बेळगावात दुसरी बस. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून वहिनी आणि मी दोघी जाऊ शकतो. त्याआधी एका मुलाखतीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, एकीचेच पैसे असायचे. जाळीपलीकडं दादा. पहिली काही वर्षं तो फक्त पिकाचं विचारायचा. मग सुतारकामाला लागला. बोटांना रंध्याचे घट्टे पडले, बोलणं जरा मोकळं झालं. आतल्या वर्गात कन्नड लिहायला शिकला. त्याचं पहिलं कन्नड पत्र माझ्याकडं आहे. अक्षरं कन्नड, पण हात मराठी शाळेचा. प्रत्येक शब्दावर त्यानं आधी पेन्सिलीनं शिरोरेघ ओढली होती आणि मग खोडली होती. खोडलेली रेघ उजेडात धरली की अजून दिसते.

आई २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली, महापुराच्या त्या आठवड्यात. पॅरोलचा एक कागद एका कचेरीत अडकला आणि दादा आला तो पाचव्या दिवशी. दहा दिवस होता. त्या दहा दिवसांत तो पुढच्या दारानं एकदाही बाहेर पडला नाही. समोरच काकीचं घर. तो मागच्या दारानं, अंधार पडल्यावर, विहिरीकडं जायचा. काकीचं दार दहाही दिवस बंद होतं. पाच माणसांचं घर, भर पावसाळ्यात, पुढचं दार लावून परड्यातून ये-जा करत होतं. मी ते रोज बघत होते. मला वाटलं, रागानं लावलंय.

जून २०२२ मध्ये चौदा वर्षं पुरी झाली. त्याआधीच बेळगावातला एक माणूस घरी येऊन गेला, '२६ जानेवारीच्या यादीत नाव घालतो' म्हणून चाळीस हजार घेऊन गेला. वहिनीनं मंगळसूत्राचे मणी गहाण टाकून नुसता दोराच गळ्यात ठेवला होता तेव्हा. अशी यादी कुणी पैसे घेऊन बनवत नसतं. जेलकडून प्रस्ताव जातो, पोलिसांचा आणि प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल जोडतात, समिती बघते, मग मंत्रिमंडळ, मग घटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांची सही. आमचा खरा अर्ज निकालाच्या सहीशिक्क्याच्या प्रतीसाठी अकरा महिने पडून राहिला आणि शेवटी नामंजूर होऊन आला. सोबत पोलिसांचा अभिप्राय होता. मी तो कन्नड कागद अंगणवाडीत, पोरं झोपल्यावर वाचला. 'सुटल्यास गावात तंटा होण्याची शक्यता.'

मी संतापले. चौदा वर्षांत एक शेरा नाही, एक भांडण नाही, आणि तंटा? मग कळलं की पोलीस काकीकडं गेले होते. काकी एवढंच म्हणाली होती, 'तो रोज माझ्या दारावरनं जाणार, ते मी कसं बघू?' महिनाभर मी काकीशी बोलले नाही. तिच्या नातवाचं वजन करायचं होतं, तेसुद्धा मदतनीसबाईला करायला लावलं. हे लिहिताना मला लाज वाटते. तिनं खोटं काय सांगितलं होतं?

दादाला मी जाळीतून सगळं सांगितलं. त्यानं उलट काहीच विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, मराठीत, चार ओळींचं. शेवटची ओळ होती, 'मोजणी करून घ्या, बाबांना विचारू नका.'

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही मोजणी आणली. साखळी टाकली, नकाशा बघितला, हद्दीचा जुना दगड मातीत हातभर खाली सापडला. वरच्या टोकाला बांध अडीच हात काकांच्या रानात सरकलेला होता. आंबा पूर्ण त्यांच्या बाजूला. बांध काकांनी कोरला नव्हता. आम्ही कोरला होता, दर वर्षी नांगराच्या एका तासानं, मी शाळेत जात होते तेव्हापासून. बाबा दगडाकडं बघून घरी गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ज्या गोष्टीसाठी दादानं कोयता उचलला ती गोष्टच खोटी होती, आणि दादाला कुठंतरी ते ठाऊक होतं.

वहिनी, भाचा आणि मी, तिघांनी आठ दिवस खपून बांध मागं घेतला. मग मी काकीच्या दारात गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

'काकी, बांध मागं घेतलाय.'

'बघितलं की.'

मी उभीच.

'सही मागायला आलीस काय गे?'

'नाही.'

'मग बस.'

चहा ठेवला नाही. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. बराच वेळ ती सुपातले नाचणीचे खडे वेचत राहिली. मग म्हणाली, 'तुझ्या भावाच्या वर्षांचा हिशोब सरकार ठेवतंय. माझा कोण ठेवलंय?' मी काही बोलू शकले नाही. उठताना ती म्हणाली, 'पोलीस परत आले तर मी होय म्हणणार न्हाई. न्हाई बी म्हणणार न्हाई.'

मला किती जणांनी सांगितलं, तिच्याकडून माफीचं लिहून घे, फाईलला जोर येईल. मी घेणार नाही. सुप्रीम कोर्टानं २००० सालच्या एका निकालात सुटकेचा विचार करताना काय बघावं ते सांगितलंय: गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, माणूस पुन्हा गुन्हा करेल का, गुन्हा करण्याची त्याची कुवत उरली आहे का, त्याला आत ठेवून आणखी काही साधणार आहे का, त्याच्या घरची स्थिती कशी आहे. दादाच्या बाबतीत यातल्या प्रत्येकाचं उत्तर मी छातीठोकपणे देईन, आणि तो सुटावा असं मला मनापासून वाटतं. पण ती माफी सरकारची आहे. सरकारनं ती द्यावी किंवा न द्यावी. काकीच्या गळ्यात ते ओझं घालायचा आम्हाला काही अधिकार नाही.

ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांच्यासाठी थोडं लिहिते, मला हे फार उशिरा कळलं. आतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जिथं सुटकेचं धोरण आहे तिथं पात्र कैद्यानं अर्ज केला नसला तरी सरकारनं त्याचा विचार करायचा, नामंजूर केलं तर थोडक्यात कारण द्यायचं आणि ते कैद्याला कळवायचं. आणि आपल्या सीमाभागासाठी खास: घर कुठल्या राज्यात आहे यानं ठरत नाही, शिक्षा कुठल्या राज्याच्या कोर्टानं दिली ते बघतात. बिल्किस बानो प्रकरणात ८ जानेवारी २०२४ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट झालं. आमच्या शेजारच्या गावचा एकजण चंदगडकडच्या गुन्ह्यात कोल्हापूरला कळंबा जेलमध्ये आहे. त्याची आई दोन वर्षं बेंगळूरला अर्ज पाठवत होती. त्याचा निर्णय मुंबईतून व्हायचा आहे, आणि महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे वर्षं वेगळी धरतात.

दादाची दुसरी फाईल वर गेली आहे. या वेळी पत्त्याच्या जागी गावचं घर नाही. वहिनीनं खानापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, फर्निचरच्या एका कारखानदारानं काम देतो असं लिहून दिलंय. ही कल्पना दादाचीच. 'गावात येणार नाही,' म्हणाला, 'बाबा गेले तरी रात्रीच येईन.' बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

मागच्या मुलाखतीत त्यानं पहिल्यांदा आंब्याचं विचारलं.

'काकीच्या मुलानं तोडला. गोव्याहून सुट्टीवर आला होता तेव्हा.'

दादा जाळीवर बोट ठेवून थोडा वेळ गप्प राहिला. सुतार माणूस, मला वाटलं लाकडाचं मनात आलं असेल. तेच विचारलं त्यानं.

'लाकूड काय केलं?'

'जळणाला.'

'बरं केलं,' तो म्हणाला. 'त्यांचंच होतं.'