तुम्ही विचारलंत म्हणून: ते नाव मी का खोडतो

गणपतीच्या पंगतीत, विमानतळाच्या वाटेवर, गेल्या वर्षी तर डोंबिवलीत आत्याच्या तेराव्यालासुद्धा प्रश्न तोच. "तू तिकडे पर्यावरण विभागात ना रे? मग रसायनाचं नाव लपवायचे कागद तूच कसे भरतोस?"

भरतो. ओहायोतल्या आमच्या कारखान्यातल्या एका रसायनासाठी, दर वर्षी १ जुलैच्या आत. पण सरकारला द्यायच्या त्या अहवालात हवेत किती पौंड गेलं, पाण्यात किती, यातलं काहीही लपत नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही. लपतं ते फक्त नाव. त्याच्या जागी गटाचं नाव येतं, नुसतं 'अमाइन'. खऱ्या नावाची प्रत सरकारकडे, खोडलेली लोकांसाठी. गुपिताचा दावा पोकळ निघाला तर मूळ कायद्यातच २५,००० डॉलर दंड आहे. आमच्या एका माणसाने सहा वर्षं घासून ते मिश्रण जमवलंय. नाव उघड झालं तर त्याच्या मेहनतीवर दुसरा कुणीतरी धंदा करेल.

इथवर माझी बाजू भक्कम आहे.

पण हा कायदा आला कुठून, तेही मला ठाऊक आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून गळती झाली, शंभरावर माणसं इस्पितळात गेली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेने शेजाऱ्यांना माहितीचा हक्क दिला. त्याच कायद्यात कलम ३२२ आहे, नाव लपवायचं. त्याला लागूनच ३२३: जिवावर बेतलं असेल आणि डॉक्टरने नाव मागितलं, तर लगेच द्यायचं, गुप्ततेचा करार मागाहून. हे मी नव्या लोकांना शिकवतो.

फेब्रुवारीतली रात्र होती. होज निसटला आणि एका कंत्राटी कामगाराच्या डोळ्यांत तेच रसायन उडालं. पावणेदोनला इमर्जन्सीतून डॉक्टरचा फोन. "रसायनाच्या माहितीच्या शीटवर नुसतं अमाइन लिहिलंय. कोणतं?"

नाव माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "एक मिनिट, वकिलांना विचारतो."

ते मिनिट बावीस मिनिटांचं झालं. वकील झोपलेले, दुसऱ्या नंबरवर कुणी उचलेना. डॉक्टरने फोन ठेवला नव्हता. मागे कुणीतरी कण्हत होतं, कुणीतरी "डोकं हलवू नका" म्हणत होतं, आणि मी दुसऱ्या फोनवर रिंग मोजत होतो. शेवटी वकील लाइनवर आले आणि वैतागून म्हणाले, "अरे, देऊन टाक ना, कायदाच आहे." मी एकेक अक्षर सांगितलं. डॉक्टरने काही न बोलता फोन ठेवला.

डोळे वाचले. नाव आधी कळलं असतं तरी पाण्यानेच धुवायचे होते, असं त्याच डॉक्टरने नंतर सांगितलं. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता ते पाठ झाल्यासारखं येतं.

डोंबिवलीत रात्री कसला वास सुटतो ते कुणी सांगत नाही, म्हणून चिडून मी या विषयाकडे वळलो होतो. तेव्हाचा मी, त्या पोराने आज मला दारात उभं केलं नसतं. मी त्याला म्हणतो, बाबा रे, नाव कळलं असतं तरी तू खिडकीच लावली असतीस. तो म्हणतो, खिडकी लावायची की घर सोडायचं, ते मी ठरवलं असतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: तुमचा माल तपासून हे रसायन दुसऱ्याला ओळखता येईल का? दर वर्षी मी लिहितो, जवळपास अशक्य. खरं तर चांगलं यंत्र आणि धीर असलेल्या स्पर्धकाला ते जमेलही. कुंपणापलीकडे राहणाऱ्या बाईला मात्र कधीच जमणार नाही.

या जूनमध्ये मी 'जवळपास अशक्य'च्या जागी 'अवघड' लिहिलं. वकिलांनी दुरुस्त करून परत पाठवलं. मी पान बदललं, मॅनेजरनी सही केली, पाकीट वेळेत गेलं.