"अजून घेता का हो ती कोविडची लस?" हो, घेते

भारतात फोन लावला की गुडघे, साखर, पाऊस झाला की हा प्रश्न ठरलेला. नाशिकची वहिनी विचारते, जुन्या मैत्रिणी विचारतात, आणि इथे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा देवळात भेटले की ते तर हमखास. "दोन डोस झाले, तो प्रिकॉशन डोस पण झाला, आता परत कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही हां, 68 वर्षांची डायबिटीसवाली बाई आहे, दर सप्टेंबर-ऑक्टोबरला फार्मसीत जाऊन बाही वर करणारी.

लसीने रक्तात ज्या अँटीबॉडीज तयार होतात त्या काही महिन्यांत उतरायला लागतात. आजार गंभीर होऊ न देण्याची ताकद जास्त टिकते, त्यामुळे तुमचे जुने डोस फुकट गेले असं अजिबात नाही, पण साठी-सत्तरीनंतर तीही हळूहळू कमी होते आणि सोबत साखर, दमा, किडनी, हार्ट असं काही असेल तर साधा ताप-खोकला कधी अ‍ॅडमिट करायची वेळ आणेल सांगता येत नाही.

आणि दुसरं म्हणजे विषाणू बदलला. 2021 मध्ये तुम्ही घेतलेली कोविशिल्ड काय किंवा कोवॅक्सिन काय, दोन्ही सुरुवातीच्या विषाणूवर बेतलेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ओमिक्रॉन आला आणि त्यानंतर जे फिरतंय ते सगळं त्याचंच खानदान. म्हणून इथे लस बदलत राहतात, 2022 ला अर्धी जुनी अर्धी ओमिक्रॉनची, 2023 ला एक्सबीबी.1.5, 2024 ला जेएन.1 आणि केपी.2, 2025 ला एलपी.8.1. नावं पाठ करू नका, मीही बघूनच लिहितेय. साधारण मे-जूनमध्ये एफडीएची, म्हणजे इथे औषधं-लसींना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची, समिती बसून कुठला प्रकार घ्यायचा ते बघते आणि ऑगस्ट संपता संपता नवी लस येते, फ्लूच्या लसीचं वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि त्याबद्दल कोणी भुवया उंचावत नाही.

आता कोणी घ्यायची? 2024 पर्यंत इथे सहा महिन्यांच्या बाळापासून सगळ्यांना घ्या म्हणत होते. ऑगस्ट 2025 मध्ये एफडीएने नव्या लसींची मंजुरी 65 च्या वरच्यांपुरती ठेवली, त्याखालचे असतील तर ज्यांना एखादा आजार आहे तेवढेच, आणि मग सीडीसीने, म्हणजे साथीच्या आजारांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोलून तुमचं तुम्ही ठरवा असं केलं. त्यावरून बराच गदारोळ झाला, काही राज्यांत फार्मसीवाले प्रिस्क्रिप्शन मागायला लागले, म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा. माझं म्हणाल तर तिशीतल्या धडधाकट भाच्याच्या मागे मी लागत नाही. सत्तरीच्या माणसांच्या मात्र लागते, आणि गरोदर मुलींनाही डॉक्टरशी बोला म्हणून सांगते कारण इथल्या गायनॅक डॉक्टरांच्या संघटनेचा सल्ला "लस घ्या" असाच आहे.

घेणं अगदी सोपं. मेडिकेअर पार्ट बी, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, असेल तर पैसे लागत नाहीत, व्हिजिटर म्हणून आला असाल तर खिशातून जातात म्हणून आधी भाव विचारायचा. फ्लूची त्याच दिवशी घेता येते, मी एका दंडात एक आणि दुसऱ्यात दुसरी घेते आणि रात्री कुठल्याच कुशीवर झोपता येत नाही. मागच्या डोसला निदान दोन महिने झालेले हवेत, नुकताच कोविड होऊन गेला असेल तर तीन महिने थांबलं तरी चालतं. डिसेंबरात भारतात लग्नाला जायचं असेल तर निघायच्या दोन आठवडे आधी उरकून टाका. न्यू जर्सीवाल्यांनी डॉकेट नावाचं अ‍ॅप टाका, त्यात सगळ्या लसींची नोंद दिसते, तो पाकिटात न मावणारा पांढरा कागद शोधत बसायला नको.

2024 मध्ये कोविशिल्डने गुठळ्या होतात अशी बातमी आली तेव्हापासून वहिनी धास्तावलीय. तो त्रास खरा आहे पण अत्यंत दुर्मिळ, आणि व्हायचा तो लस घेतल्यावर काही आठवड्यांतच होतो, 2021 च्या डोसची काळजी आता कशाला? शिवाय कोविशिल्ड इथे कधी दिलीच नाही. इथे फायझर-मॉडर्नाची एमआरएनए (शरीरालाच विषाणूचं एक प्रोटीन बनवायची कृती देणारी), नाहीतर नोव्हावॅक्सची प्रोटीनवाली, जी पुण्यात सीरमने कोवोवॅक्स नावाने बनवली तीच जातकुळी. एमआरएनएने हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं दिसलंय, तेही क्वचित आणि मुख्यतः तरुण मुलांमध्ये. आमच्या वयात दंड दुखणं, दिवसभर कणकण, बास.

भारतातल्यांचं काय, हा खरा अवघड प्रश्न. पुण्याच्या जेनोव्हाने जून 2023 मध्ये ओमिक्रॉनसाठीची लस आणली होती, पण आता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन मागितली आणि मिळाली असं होत नाही. त्यामुळे वहिनीला सांगितलंय की फॅमिली डॉक्टरला विचारून निदान फ्लूची आणि न्यूमोनियाची घे, आणि मुलाकडे येशील तेव्हा कोविनचं सर्टिफिकेट मोबाईलमध्ये ठेव, सप्टेंबरात मी घेऊन जाते.

तर तिचा पुढचा प्रश्न, तिकडे ती नाकात टाकायची नाही का मिळत? भारत बायोटेकची नाकातली जानेवारी 2023 मध्ये तिकडेच आली होती वहिनी, इथे कोविडची सुईच.