करवंटीतला दोदोल

चतुर्थीसाठी तीन आठवडे इंग्लंडहून गोव्यात डिचोलीला घरी आलोय. मोपाच्या विमानतळावरून येताना गाडीतच काकांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा नाही की थंडीचा नाही, "काय रे, तू तिथे अजगर पाळलायस म्हणे?" तेव्हापासून येणारा जाणारा हेच विचारतोय, काल गणपतीवरची माटोळी बांधताना शिडीवरून चुलतभाऊ तेच विचारत होता, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, म्हणजे वाड्यावर पसरलेल्या गोष्टीतला "पंधरा फुटी" शब्द तरी कमी होईल.

पाळलाय हे खरं आहे. पण आपल्या बागायतीत पावसाळ्यात कधीतरी निघतो आणि कोंबड्यांच्या खुराड्यापाशी सापडतो तो आर, म्हणजे इथला अजगर, हा नव्हे. हा रॉयल पायथन, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचा. अजगरांमध्ये अगदी लहान, नर तीन-साडेतीन फुटांचा होतो, मादी चार-साडेचार फूट. विष नाही. घाबरला की चावायला धावत नाही, डोकं मध्ये घेऊन स्वतःचा घट्ट गोळा करून बसतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात. रंग गडद काळपट तपकिरी, त्यावर गुळासारखे सोनेरी डाग आणि अंगाला तुकतुकी, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला ख्रिसमसला शेजारून येणाऱ्या दोदोलाची, म्हणजे नारळ-गुळाच्या काळपट मिठाईची, वडीच आठवली, म्हणून नाव दोदोल.

तिकडे इंग्लंडात स्विंडनमध्ये मी सात वर्षं आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस तिथे आहे त्यामुळे गावाची ओळख करून द्यायला नको. आम्ही चौघं एका भाड्याच्या घरात राहतो, मी गोदामात रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, कुत्रा पाळावा असं आयुष्य नाहीये कारण कुत्र्याला माणूस लागतं. साप मात्र लहानपणापासून डोक्यात आहेत. आजोबा कुळागरात, म्हणजे आमच्या बागायतीत, धामण दिसली की आम्हाला मागे धरून उभे करायचे आणि ती जाईपर्यंत हलू द्यायचे नाहीत, मारायला तर कोणालाच दिलं नाही कधी. तिकडे रॉयल पायथन पाळायला लायसन्स लागत नाही, घरमालकाची लेखी परवानगी घेतली, घरातल्या तिघांना विचारलं, वर्षभर वाचलं आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये एका ब्रीडरकडून तीन महिन्यांचं पिल्लू आणलं. वजन ११२ ग्रॅम. हा प्राणी २० ते ३० वर्षं जगतो, हे मी आईला आधी सांगितलं, तिने एवढंच विचारलं की मग तुझं लग्न झाल्यावर?

वाचलं होतं तरी चुका केल्याच. पहिल्या दिवशी पिल्लाला कापडी पिशवीतून काढलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं, तिघांनी हातात घेतलं, घरी व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, आजीने तर लांबूनच नमस्कार केला. खरं तर नवीन साप आणला की निदान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, पाणी बदलायचं आणि दार बंद करायचं. मला ते माहीत होतं, पण आनंदात राहिलं नाही. दुसरी चूक घराची. दुकानदार म्हणाला नंतर लागणारच आहे तर आत्ताच मोठं घ्या, म्हणून मी चार फुटांचं व्हिव्हेरियम, म्हणजे साप ठेवायची पेटी, घेतलं, समोर काच आणि बाजूंनाही काच, आत एक पाण्याचं भांडं आणि लपायला एकच मोठी प्लास्टिकची गुहा. खाली पसरायला नारळाच्या सोडणांचा भुसा, तो तिकडे पाकिटात विकत मिळतो, आपल्याकडे न्हाणीच्या चुलीत जातो तो.

चौथ्या दिवशी थिजवलेला मेलेला उंदीर वितळवून दिला, तोंड फिरवलं. अकराव्या दिवशी पुन्हा, तेव्हा चक्क गोळा झाला. अठराव्या दिवशी तेच. प्रत्येक वेळी उंदीर टाकून द्यायचा कारण एकदा थिजवलेला वितळवून परत फ्रीजरमध्ये ठेवता येत नाही. आणि फ्रीजरवरून वेगळंच प्रकरण, आमच्या फ्रीजरमध्ये बांगडे आणि सुंगटं असतात, त्यांच्या शेजारी उंदरांचं पाकीट ठेवायला घरातल्या मावशींनी साफ नकार दिला, बरोबरच आहे त्यांचं, मी एक छोटा सेकंडहँड फ्रीजर आणून माझ्या खोलीत ठेवला. जिवंत उंदीर का नाही देत असं चुलतभावाने विचारलं. एक तर तो उंदराचा छळ, आणि दुसरं म्हणजे कोंडलेला उंदीर सापालाच चावतो, डोळे जातात, जखमा होतात.

वजन १०७ वर आलं तेव्हा मला झोप लागेना. वाचलेलं होतं की हे साप उपाशी राहण्यासाठी प्रसिद्ध आहेत, मोठे तर महिनोन्‌महिने खात नाहीत, पण ११२ ग्रॅमच्या पिल्लाचे पाच ग्रॅम मला पाच किलोसारखे वाटत होते. पहाटे पाळीवरून आलो आणि आईला फोन केला. ती म्हणाली, पेडण्याहून आपण गाय आणली होती आठवतं, तिने दोन दिवस पेंडीला तोंड लावलं नव्हतं, मी गोठ्याच्या दाराला गोणपाट बांधलं आणि सगळ्यांना सांगितलं की तिच्याकडे कोणी बघायला जायचं नाही. "तू दर घटकेला जाऊन बघतोस, तो जेवेल कसा?"

आईला रॉयल पायथनबद्दल काहीएक माहीत नाही, पण तिने सांगितलं तेच खरं होतं. हा साप रानात दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो, पाठीला आणि पोटाला दोन्हीकडून माती लागलेली असते तेव्हा त्याला सुरक्षित वाटतं. मी त्याला काचेच्या मैदानात सोडला होता. त्या दिवशी तीन बाजूंच्या काचांना बाहेरून पुठ्ठा लावला, आत प्लास्टिकची पानं आणि चुरगळलेला कागद भरला. मग लपायच्या जागेचा विचार करताना किचनमधला नारळ दिसला. फोडला, खवला, करवंट्या घासून उकळून घेतल्या, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या आणि प्रत्येकीच्या काठाला अंगठ्याएवढं दार कापलं. एक उबदार बाजूला उपडी ठेवली, एक थंड बाजूला. दोन का, तर एकच असेल तर त्याला ऊब हवी की लपणं हवं यातलं एक निवडावं लागतं.

तापमानही तपासलं. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर ३१ दाखवत होता, पण डिजिटल थर्मामीटरची वायर भुशावर ठेवली तेव्हा तिथे २७ निघाले. उबदार कोपऱ्यात ३१-३२ हवेत, थंड बाजूला २५ च्या आसपास, नाहीतर खाल्लेलं पचत नाही, हे त्याच्या अंगाला कळतं म्हणून तो खातच नाही. थर्मोस्टॅट वाढवला, दमटपणा ६० टक्क्यांवर आणला. मग आठ दिवस खोलीत मी असूनही नसल्यासारखा वागलो.

आठव्या दिवशी माझी सुट्टी होती. उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही, माझ्याच फ्रीजरवर थंड पेटीत वितळवला, मावशींना शब्द दिला होता. संध्याकाळी झिप पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवला, मायक्रोवेव्ह कधीच करायचं नाही, आतून शिजतो आणि फुटतो. टिश्यूने कोरडा केला, शेवटी हेअर ड्रायरने डोकं तेवढं गरम केलं, ३८-३९ अंश. या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला ऊब दिसते म्हणा ना, थंड उंदीर त्याच्यासाठी उंदीरच नसतो. रात्री दहा वाजता दिवा बंद, फक्त पॅसेजमधला उजेड. लांब चिमट्यात शेपटीकडून धरून करवंटीच्या दारापासून वीतभर अंतरावर नेला आणि हात स्थिर ठेवला.

आधी जीभ आली. दोनदा, तीनदा, मग हळू हळू, लांब. डोकं दारात आलं, मान मागे घेऊन त्याने इंग्रजी एससारखी घडी केली आणि मला वाटलं परत मागे जाणार. मग काय झालं ते दिसलंच नाही, चिमट्याला झटका बसला आणि उंदीर करवंटीच्या आत गेला होता. भुशाची सरसर आली. आत वाकून पाहिलं तर तीन विळखे, इतके घट्ट की खवल्यांच्या मधली पांढरट कातडी ताणून दिसत होती. मेलेला उंदीर तो, तरी दहा-बारा मिनिटं सोडला नाही. मग विळखे ढिले करून नाकाने चाचपत डोकं शोधलं आणि डोक्याकडून गिळायला घेतलं, आधी एका बाजूचा जबडा पुढे, मग दुसऱ्या बाजूचा. गळ्याखालचा फुगवटा मागे सरकला तेव्हा त्याने दोन मोठ्या जांभया दिल्या, जबडा जागेवर बसवायला देतात तशा. मी जमिनीवर बसलो होतो, पाय बधिर झाले होते आणि आईला मेसेज टाकला, जेवला. गोव्यात पहाटेचे चार वाजले होते, तिने लगेच उत्तर दिलं.

त्यानंतर दोन दिवस हात लावला नाही, खाल्ल्यावर उचललं तर उलटी करतात. पुढे दर आठवड्याला खात गेला, फेब्रुवारीपासून सात आठवडे पुन्हा बंद केलं, पण तेव्हा वजन सहा ग्रॅमनेच उतरलं त्यामुळे मी स्वस्थ होतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा तर विचारायचंच नाही. आता तो ४६० ग्रॅमचा आहे आणि मी निघायच्या आधी पोटभर दिलंय, तीन आठवडे त्याला काही होत नाही, घरातला कुडतरीचा मुलगा फक्त पाणी बदलतो आणि तापमान बघतो.

इथे आल्यावर आजीने विचारलं, दूध देतोस की नाही. साप दूध पीत नाही, त्याला पचत नाही, हे तिला समजावताना मी बेनिनमधल्या विदा गावाची गोष्ट सांगितली. तिथे अजगरांचं देऊळ आहे आणि त्यात हेच रॉयल पायथन असतात, रात्री ते गावात फिरायला जातात, कुणाच्या घरात शिरला तर लोक मारत नाहीत, उचलून देवळात आणून सोडतात. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे तिकडच्या लोकांनाही कळतं. यंदाच्या नागपंचमीला तिने पातोळ्यांच्या नैवेद्यात एक हळदीचं पान जास्त ठेवलं होतं, हे आईकडून कळलं.

आणि जे मुलगे मला विचारतायत की इथे एखादा धरून पाळू का, त्यांना हात जोडून सांगतो, नको. आपला आर, धामण, नाग हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि बऱ्याच परदेशी जातींचीही आता सरकारकडे नोंदणी करावी लागते. पण कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. दोदोल पिंजऱ्यातच अंड्यातून आला, त्याच्या आईनेही बहुतेक रान पाहिलं नसेल. कुळागरातल्या सापाचं सगळं घर तिथेच आहे. निघाला तर वनखात्याला फोन करा आणि लांब उभे राहा.

आज सकाळी कुडतरीकराचा मेसेज आला, कात टाकली, अखंड, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, फोटो पाठवलाय. पुढे विचारलंय की आतली ती करवंटी काढून टाकू का, आता तो त्यात मावत नाही. म्हटलं राहू दे. मोठी कुंडी दिली आहे त्याला, झोपतो त्यातच, पण दिवसा बघ कधी, अंग सगळं बाहेर आणि डोकं तेवढं करवंटीत घातलेलं असतं.